थोरल्या घराची नात

"उजवीकडून चढा, डावीकडं पायरी कुरकुरते," पाहुणी म्हणाली तशा जिना चढणाऱ्या ताई थांबल्या.

पायरी खरंच कुरकुरायची.

थोरल्या घराचं संग्रहालय झालं तेव्हापासून ताई त्याच्या व्यवस्थापक होत्या. मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला, नवरा तिथूनच गेला. हे घर त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आणि आता ही साठीची बाई कुठूनशी उगवली होती. म्हणे, शेवटच्या मालकांची नात.

मालक घर सोडून परदेशी गेले तेव्हा नात जेमतेम चालायला लागली होती. पुढं कुणाचाच ठावठिकाणा लागला नाही. मात्र जाताना त्यांनी लिहून ठेवलं होतं, वंशातलं कुणी परतलं तर घर त्याचं. म्हणून दाव्याची शहानिशा करायला न्यायालयानं एका निवृत्त न्यायाधीशांना पाठवलं होतं. काठी टेकत ते दोघींच्या मागून येत होते.

"माझं वय ते काय होतं! पण आईनं हे घर मला इतकं सांगितलंय, की डोळे मिटून फिरेन," पाहुणी म्हणाली.

पुस्तकांच्या खोलीत ती थेट कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेली. "यामागं दार आहे. आजोबा इथून गुपचूप स्वयंपाकघरात जायचे. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं ना!"

न्यायाधीश खुदकन हसले. ताईंना हसू येईना. ते दार ताई प्रत्येक पर्यटकाला दाखवत. गोडाची गोष्ट मात्र त्यांनाही नवी होती.

त्यांनी उगाच पडद्याची चुणी सरळ केली. किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. मग शेवटचा उपाय म्हणून सहज विचारावं तसं विचारलं, "हा आरसा तुमच्या आजीच्या खोलीतलाच ना?"

"छे हो! दिवाणखान्यातला. इथं कुणी आणला?"

बरोबर होतं. जुन्या छायाचित्रांत तो दिवाणखान्यातच दिसे.

दाराशी रखवालदार घुटमळत होता. "ताई, आपलं काय होणार?" त्यानं हळूच विचारलं. "बाईंना कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय, पण आठवत नाही."

"मालकांवर गेली असेल," ताई तुटकपणे म्हणाल्या.

आता शेवटची, मुलांची खोली उरली होती. किल्ली कुलपात बसेना. पाहुणीनं त्यांचा हात मायेनं बाजूला केला आणि स्वतःच दार उघडलं. मनात असूनही ताईंना तिचा राग करता येईना.

खिडकीपाशी कठड्याचा लाकडी पाळणा होता. पाहुणी दारातच थबकली. मग धावत जाऊन पाळण्याला बिलगली आणि हमसून हमसून रडू लागली.

"माझा पाळणा! साहेब, हे बघा, कठड्यावरचे दात. आई सांगायची, दात येताना नुसती उंदरासारखी कुरतडायचे मी!"

न्यायाधीशांनी वाकून पाहिलं. लाकडावर बारीक बारीक खुणा होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

ताई गुडघ्यांवर बसल्या. त्या खुणांवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं. त्यांचेही डोळे भरून आले.

"ताई," न्यायाधीश हलक्या आवाजात म्हणाले, "मन घट्ट करा. आता तरी तुमची खात्री पटली ना?"

"पटली, साहेब." ताईंनी पदरानं डोळे टिपले. "ही खोली आम्हाला रिकामीच मिळाली होती. पाळणा मी माझ्या घरातून आणून ठेवलाय. हे दात माझ्या लेकीचे आहेत."