सायबाचं जेवण

कंपनीची बॉयलर पिल्लं शेडमध्ये वाढवून द्यायच्या करारावर याकोबने सही केली, त्याच दिवशी कंपनीच्या सुपरवायझरने त्याच्या बायकोला, मरियाबाईला, अंगणातल्या सातही गावरान कोंबड्या विकायला लावल्या. "मावशी, ह्या म्हणजे रोगाचं घर. आमच्या पिल्लांना लागण झाली तर भुर्दंड तुम्हालाच." मरियाबाईने नेवाशाच्या बाजारात कोंबड्या दिल्या आणि रिकामं खुराडं भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

एप्रिलात भर दुपारी वीज गेली, शेडमधले पंखे थांबले आणि विक्रीला आलेले चारशे पक्षी तडफडून मेले. तोच सुपरवायझर, इस्त्रीच्या शर्टातला सायेब, नाकाला रुमाल लावून आला. एक मेलेला पक्षी त्याने बुटाच्या टोकाने उलटा केला आणि सगळं नुकसान याकोबच्या नावावर टाकलं.

"पिल्लं तुमची, खाद्य तुमचं, आन् मेल्यावर तेवढी आमची व्हय?" मरियाबाई बोलून गेली.

सायबाने मोबाईलवर करार उघडून याकोबची सही दाखवली.

पुढची पिल्लं द्यायची की नाही, हे त्याच्याच हातात. म्हणून याकोबने हातापाया पडून त्याला जेवायला थांबवलं. शेडमधल्या पक्ष्याला हात लावायची मुभा नव्हती, तेव्हा मरियाबाईने चौकातून कोंबडी विकत आणली आणि दात-ओठ खात रस्सा केला.

सायबाने वाटीत बोट बुडवून चाखलं आणि ताट बाजूला सारलं.



"बॉयलर केली का? आमच्या घरात कुणी खात नाही ही. एखादी गावरान ठेवायची ना, मावशी!"