शालनताईंचा हात

"ज्ञान कंपनीचं, नारळ तुमचा," साहेब निरोपाला हसत म्हणाले. सकाळीच यंत्रानं शालनताईंचं मसाला भाजण्याचं सगळं कसब डोक्यातून काढून टीममधल्या पोरींना वाटून दिलं होतं. निवृत्त माणसानं ते घरी न्यायचं नाही, असा कारखान्याचा नियमच होता.

फाटकाशी त्या पोरींतली हर्षदा रडत धावत आली.

"ताई, आज धणे भाजताना मला तुमची आई दिसली. चुलीपाशी बसून म्हणत होती, 'शाले, करपतील गं!'"

शालनताई जागीच थबकल्या. भाजायला त्यांना आईनंच शिकवलं होतं. कसबाबरोबर यंत्रानं आईही खरवडून नेली होती. त्यांनी खूप आठवून पाहिलं, काहीच हाती लागेना.

नारळ उराशी धरून त्यांनी विचारलं, "कशी दिसायची गं ती?"