थरथरता हात

धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा हेमांगी वडूजच्या शाळेतून निघतच होती.

“ताई, आबा तुझंच नाव घेतायत. लवकर ये.”

तिने इलेक्ट्रिक बाईकचा थ्रॉटल पिळला. बाईक जागची हलली नाही.

“हात थरथरतोय. शांत झाल्यावर निघा,” मुठीतून आवाज आला. अपघात टळावेत म्हणून नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची होती.

ती पाणी प्यायली, डोळे मिटून बसली. हात काही केल्या थांबेना. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेवटी ती गाडी ढकलतच निघाली.

येरळेच्या पुलावर पुन्हा फोन वाजला.

“ताई, आबा गेले. आता सावकाश ये.”

बऱ्याच वेळाने तिने मूठ पिळली. हात अगदी स्थिर होता. बाईक निमूटपणे चालू लागली.