कुरकुरणारा सांधा

बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी टेबलावर दोन कृत्रिम सांधे ठेवले. "चालणं दोन्हींनी सुधारेल. हा प्लास्टिकच्या अस्तराचा मुकाट काम करतो. हा सिरॅमिकचा जास्त टिकतो, पण क्वचित एखाद्याचा चालताना कुरकुरतो."

"कुरकुरणाराच बसवा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अहो, ह्यांना हल्ली घर आठवत नाही. दार उघडं दिसलं की निघालेच! सध्या दुखतंय म्हणून जिन्यापाशीच सापडतात. उद्या धडधाकट चालायला लागले की निदान ऐकू तरी यायला हवेत. माणसाच्या गळ्यात घंटा बांधलेली बरी दिसते का?"

बाबांना घंटेची कल्पना आवडली होती.

सिरॅमिकचा बसवला. दोन महिन्यांनी तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी बाबांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं आणि दारातूनच खुशीत आमच्याकडे वळले. "लंगडणं गेलं! आणि कान देऊन ऐका, कुरकुर औषधालासुद्धा नाही!"

आम्ही तिघांनी कान दिला. खरंच, काहीच ऐकू येत नव्हतं.



"डॉक्टर," आई म्हणाली, "पण हे कुठायत?"