वाक!

नागपूरची बस भोंगा वाजवून राहिली होती आणि मोतीराम काही चढत नव्हता.

"चढ ना बे!" श्रावणनं त्याची रॅकेटची पिशवी कंडक्टरच्या हातात दिली. मोतीरामनं ती परत ओढून घेतली.

"नाही जात म्हटलं ना. तुह्याबिगर मी खेळत नाही."

स्टँडवरची माणसं गहिवरली. अशी दोस्ती आता कुठे पाहायला मिळते? नागपूरच्या एका कंपनीनं बॅडमिंटनच्या टीमसाठी दोघांनाही बोलावलं होतं. खेळायचं आणि खेळण्याचाच पगार घ्यायचा! पांढुर्ण्यात असलं काही कोणी ऐकलंही नव्हतं. पण यंदा पोळ्याच्या सणात श्रावणचा डावा डोळा गेला. कंपनी म्हणाली, मोतीरामनं एकट्यानं यावं, जोडीदार आम्ही देऊ. आज हजर व्हायचा शेवटचा दिवस. आणि हा पठ्ठ्या बसच्या दारातून परत फिरत होता.

जोडी होतीच तशी. श्रावण पांढुर्ण्याचा, मोतीराम जाम नदीपलीकडच्या सावरगावचा. शाळेमागं चुन्यानं आखलेल्या कोर्टावर दोघं घडले. पुढे जाळीजवळ श्रावण, मागे मोतीराम. स्मॅश मारायच्या आधी मोतीराम ओरडायचा, "वाक!" श्रावण मागे न बघता वाकायचा आणि शटल त्याच्या डोक्यावरून सणसणत जायचं. सौंसरच्या स्पर्धेत तर लोक खेळ सोडून ते वाकणंच बघत होते. कोणीतरी विचारलं, "भेव नाही लागत का रे तुले?"

श्रावण हसला होता. "तो म्हणते, मी वाकतो. त्यात भ्यायचं काय?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ही जोडी तुटायची. त्या दिवशी गोटमार. नदीच्या मधोमध रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. बापजाद्यांपासून चालत आलेलं. त्या दिवशी सोयरा सोयऱ्याला ओळखत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दगड कोणाचा होता हे कोणी कोणाला विचारत नाही. तसा नेमच आहे. श्रावणच्या आईनं, देवकाबाईनं, यंदा हात जोडले होते. "नोकरीवर जायचं आहे बापा, नको जाऊ." पण पांढुर्ण्याचा पोरगा गोटमारीला घरात लपला असता, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. गेला, आणि डोळा देऊन आला.

तेव्हापासून मोतीराम रोज नदी ओलांडून यायचा. देवकाबाईचं पाणी भरायचा. श्रावणची पट्टी बदलायचा. "माह्या पोटचा असता तरी त्यानं इतकं केलं नसतं," म्हातारी भेटेल त्याला सांगायची. मोतीराम मान खाली घालून बसायचा. फार गुणी पोरगा, लोक म्हणायचे.

"थोडं थांबा, साहेब," श्रावण कंडक्टरला म्हणाला आणि मोतीरामला बसच्या मागं घेऊन गेला. तिथं कोणी नव्हतं.

"तू नागपूरले नाही गेला तं माहा डोळा परत येते का?"

"नाही येत. पण मी कसा खेळू?"

"मोत्या, एक डाव नेम मोडतो. दगड कोणाचा होता, मले माहीत आहे."

 मोतीरामच्या हातातून पिशवी गळली.

"देवाशपथ, श्रावण्या! फेकल्यावर दिसला तू मले." तो रडायलाच लागला. "त्या गर्दीत तुले कसं समजलं बे? अन् इतके दिवस बोलला नाही?"

"काय बोलू? तुही चूक असती तं बोललो असतो." श्रावणनं पिशवी उचलली, धूळ झटकली आणि त्याच्या खांद्यावर अडकवली. एकाच डोळ्यातून पाणी वाहत होतं. "जाय आता. दगड तं तू खालूनच मारला होता. छातीवर बसला असता, चार दिवस दुखलं असतं. पण फेकताना तू सवयीनं ओरडला, 'वाक!'"

बसनं पुन्हा भोंगा दिला.

"अन् मी वाकलो."