बोंडं फुटली

“बोंडं फुटले का बे सारे?” उत्तमराव फोनवर ओरडले, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

विमान अजून जागचं हललं नव्हतं. तिकडे वडनेरला वावरात उभ्या असलेल्या गोकुळला, त्यांच्या पुतण्याला, नीट ऐकू येत नव्हतं. आभाळ भरून आलेलं, कापूस झाडावर, आणि वेचणीला बाया मिळेनात. उत्तमरावांनी आवाज आणखी चढवला. “वरच्या वावरातले फुटले ना? मंग खालचेही आजच फुटतीन! मी बंगलोरले उतरलो का फोन करतो!”

कडेच्या सीटवरच्या टायवाल्यानं एक डोळा उघडला, कपाळाला आठ्या घातल्या आणि डोळा परत मिटला. उत्तमरावांना ते पाहणं मुळीच आवडलं नाही.

मधल्या सीटवर शालूबाई अंग चोरून बसली होती. तिचं हे पहिलंच विमान. पहाटे गाडी चालवता चालवता उत्तमरावांनी तिला चांगलं बजावलं होतं.

“विमानात तोंड बंद ठेवजो. मस्करीतही बम म्हटलं तर खाली उतरवतात.”

“खरंच उतरवतात?”

“मंग! सारं विमान थांबवतात. आन तू तर अर्धे अक्षरं खाते. बोलूच नको.”

हे मात्र खरं होतं. शालूबाईच्या गालात कायम सुपारीचं खांड असायचं आणि निम्मे शब्द तिथेच अडकायचे. तीस वर्षांच्या संसारात उत्तमरावांचा हा वैताग काही कमी झाला नव्हता.

आज तर वैतागायला निमित्तच लागत नव्हतं. राखीचा फोन आदल्या संध्याकाळी आला होता. “बाबा, उद्या कोर्टात लग्न करून राह्यली मी. धम्मदीपसंगं.” धम्मदीप धामणगाव बढ्याचा, बंगलोरला तिच्याच कंपनीत. पोरगा शिकलेला, कमावता, पण जात? चार लोकांत मान वर करून कसं फिरायचं? त्यांनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी राखी रडत म्हणाली, “दुपारपर्यंत थांबतो मी. तुम्ही माह्यासमोर उभं राहून नाही म्हना, मी सही करनार नाही.”

म्हणजे फक्त पोचायचं होतं. लेक बापाचा चेहरा पाहिल्यावर विरघळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“पोरगा चांगला आहे म्हनते राखी,” शालूबाई तेव्हा पुटपुटली होती.

“तुले कोनं इचारलं?” एवढ्यावर ते बोलणं संपलं होतं.

“मोरीत जाऊन येतो,” शालूबाई आता म्हणाली. टायवाल्याच्या गुडघ्यांवरून ती कशीबशी पलीकडे गेली. तो हललासुद्धा नाही. ती परत येऊन बसते न बसते, तोच दोन वर्दीवाले आले आणि उत्तमरावांना म्हणाले, “आप नीचे चलिए.”

सामानासकट दोघांना उतरवलं. फोन काढून घेतला. एका खोलीत उत्तरेकडचा एक अधिकारी समोर बसला.

“बम फूटेगा बोला आपने?”

“बम नाही साहेब, बोंड! बोंड! पेड पे फूटता है!”

“कौन से पेड पे?” अधिकारी अधिकच गंभीर झाला.

उत्तमरावांनी कपाळ बडवून घेतलं. “माह्या वावरातल्या कापसाबद्दलही मी बोलू नोको? कोनता कायदा आहे हा?”

“प्लेन में सोच के बोलना पड़ता है.”

“तक्रार कोनं केली ते तरी सांगा! त्या टायवाल्यानं ना?”

“नाम नहीं बता सकते.”

काचेपलीकडे शालूबाई दिसत होती. तिला त्यांनी खुर्ची दिली होती, चहा दिला होता, वर बिस्किटं. एक वर्दीवाली बाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. इथं घशाला कोरड पडलेली आणि तिकडे पाहुणचार! तिला विचारलं तर ती नुसतीच पदर तोंडाला लावून रडली. एवढी एक गोष्ट सांगितली असती, की बोंड म्हणजे कापसाचं, तर सुटका झाली असती. पण नाही.

दुपार कलल्यावर जालन्याकडचा एक फौजदार आला. त्यानं एकदा ऐकलं आणि पोट धरून हसला. “अहो, बोंड! कापसाचं बोंड! सोडा त्यांना.” सोडलं. पण विमान कधीच गेलं होतं, आणि आज दुसऱ्या विमानातही बसवणार नाही, असं विमानकंपनीच्या माणसानं हात जोडून सांगितलं.

फोन हातात आला तेव्हा त्यावर राखीचा निरोप होता. “बाबा, तुमची लय वाट पाहिली.” खाली हार घातलेल्या दोघांचा फोटो.

परतीचा रस्ता नेमका धामणगाव बढ्यावरून. गावाच्या कडेला एका घरापुढं फटाक्यांची माळ तडतडत होती. उत्तमरावांनी गाडीची काच वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि रागही आवरत नव्हता. वडनेर येईपर्यंत ते टायवाल्याला, त्याच्या टायला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी खाटेवर अंग टाकलं. “त्या टायवाल्याचं वाटोळं होईन. एका शब्दापायी माही पोरगी गेली.”

शालूबाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. अंगणात जाऊन सुपारी थुंकली, चूळ भरली आणि येऊन खाटेजवळ उभी राहिली.

“त्याले काऊन शिव्या देता? तो बिचारा तर घोरत होता,” ती म्हणाली, अगदी सुटं सुटं, स्पष्ट. “तुम्ही फोनवर म्हटलं, तेच मी जाऊन विमानातल्या पोरीले सांगतलं. बोंडातला ड तेवढा खाल्ला.”