मालवलेली सकाळ

जहाजाच्या प्रत्येक खिडकीत कोवळं ऊन होतं. बाहेर आर्क्टिकच्या किनाऱ्यावर अजून दीड महिना सूर्य उगवणार नव्हता. पण माणसं अंधाराने खचू नयेत म्हणून काचा रोज ठरल्या वेळी सकाळ दाखवत.

जहाजाची सेकंड ऑफिसर चारुशीला तांडेल हिने सुकाणूच्या खोलीतली सकाळ मालवली.

“तांडेलबाई, हे काय?” कप्तान बोरवणकर खुर्ची चाचपडत ओरडले.

“मासेमारीची एक बोट दोन तास उत्तर देत नाहीये, सर. इथेच कुठेतरी असणार.”

“रडारवर काही नाही.”

“बर्फाने मढलेली लाकडी बोट रडारला बर्फच वाटेल. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात.”

“दहा देतो. मग तुमच्याविरुद्ध अहवाल लिहीन.”

“वीस. आणि अहवाल अंधारातच लिहावा लागेल.”

तिने बटणावरचा हात काढला नाही. अंधुक दिव्याकडे रोखून बघायचं नाही, त्याच्या कडेला बघायचं, हे तिला हर्णैला वडिलांनी होडीत शिकवलं होतं. अठराव्या मिनिटाला नजरेच्या कडेला काहीतरी लुकलुकलं. सरळ पाहिलं, तर नाहीसं झालं. पुन्हा बाजूला पाहिलं. कोणीतरी कंदील हलवत होतं.

“मला तर काहीच दिसत नाही,” कप्तान म्हणाले.

“तुम्ही रोखून बघताय, सर. जरा बाजूला बघा.”

कप्तानांच्या हुकुमाची वाट न बघता तिने जहाज वळवलं. मग खाली जेवणघरातलीही सकाळ मालवली आणि भोंग्यावर म्हणाली, “सगळे डेकवर या. मला डोळे हवेत.”